ब्लॉगातून लक्षाधीश व्हा: येरवडा आवृत्ती

ब्लॉग लिहून पैसे कमवायचे ठरवलेत, अभिनंदन. हेच तुम्ही सदाशिव पेठेत रात्रीच्या जेवणाला जाहीर केले असते, तर घरातल्या थोरल्यांनी आमटी भुरकत "ह्याला येरवड्याला नेऊन सोडा रे" एवढेच म्हटले असते. तुम्ही मुळातच येरवड्यात राहता. एक पायरी वाचली, शिवाय रिक्षाचे पैसेही.

उरलेल्या महाराष्ट्राला येरवडा दोन इमारतींमुळे ठाऊक आहे: मध्यवर्ती कारागृह आणि प्रादेशिक मनोरुग्णालय. नव्या ब्लॉगराने दोन्हींकडे आदराने पाहावे. पहिलीच्या भिंतींआड बसून जे लिहिले गेले, ते देशभर वाचले गेले. दुसरी जवळ असल्याचा दिलासा साधारण आठव्या महिन्यात, ट्रॅफिकचा आलेख पाहताना वाटू लागतो.

ब्लॉगिंगच्या मार्गदर्शिका बाजारात ढिगाने आहेत. त्या सगळ्या समुद्रकिनाऱ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसांच्या नावावर असतात. येरवड्याला समुद्र नाही. मुळा-मुठा आहे, तिच्या काठी लॅपटॉप उघडून पाहा; डास पहिला परिच्छेदसुद्धा पुरा करू देत नाहीत. म्हणून ही स्थानिक आवृत्ती काढावी लागली. हिच्यात उदाहरणे बाहेरून आणलेली नाहीत. लोकमान्य टिळक, महात्मा गांधी आणि डॉ. आंबेडकर हे तिघेही नियतकालिके चालवत, तिघांचेही पाय या तुरुंगाला लागले, दोघांचे कैदी म्हणून आणि एकाचे वाटाघाटींसाठी. लिखाणातून पैसे कसे कमवू नयेत, हे या तिघांकडून शिकण्यासारखे आहे.

पायरी पहिली: आधी खर्च करा

या धंद्यात पहिला पैसा नेहमी तुमच्याच खिशातून बाहेर जातो. डोमेन घ्यायचे, होस्टिंग घ्यायचे, थीम घ्यायची. तुमच्या मनातले नाव कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेले असते आणि ते विकायलाही काढलेले असते. मग नावाच्या शेवटी एक जादा 'ए' लावून काम भागवा.

होस्टिंग पहिल्या वर्षी वडापावच्या भावात मिळते. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाची ईमेल येते, ती एकट्याने वाचू नये. सगळ्यांत स्वस्त प्रकाराला शेअर्ड होस्टिंग म्हणतात. त्याची कल्पना येरवडेकराला वेगळी द्यायला नको: कारागृहाची मंजूर क्षमता २,४४९ आणि आत त्याच्या दुपटीने मंडळी, तसेच हे. शेजारच्या बराकीत गोंधळ झाला की तुमचे पान उघडायला वेळ लागतो.

हे टाळायचे असेल तर ब्लॉगर ही गूगलची फुकट सेवा आहे. १९९९ साली ती निघाली, २००३ साली गूगलने विकत घेतली. पण फुकट ब्लॉगवाल्याकडे ब्लॉगिंगच्या क्लासमधली मुले जरा दयेने पाहतात, ती तयारी ठेवा.

भांडवल दुसऱ्याने दिले तर उत्तम. आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला ३१ जानेवारी १९२० रोजी, तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. गांधींची गोष्ट उलटी: दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन' चालवताना एके काळी महिन्याला पंचाहत्तर पौंड ते स्वतःच्या वकिलीतून घालत होते. आमच्या क्लासच्या भाषेत याला 'निगेटिव्ह कॅश फ्लो' म्हणतात आणि असे करणाऱ्याला पुढच्या बॅचला प्रवेश देत नाहीत.

पायरी दुसरी: विषय निवडा, पण तुमचा नको

नवशिक्याची हमखास चूक म्हणजे त्याला काहीतरी सांगायचे असते. त्याला गाडीतळावरच्या जुन्या माणसांच्या आठवणी लिहायच्या असतात, नागपूर चाळीचे नाव नागपूर चाळ का, हे शोधायचे असते, पर्णकुटी चौकातून रोज जाणाऱ्या हजारो लोकांना ती पर्णकुटी कुणाची होती हे सांगायचे असते. (लेडी ठाकरसींचा बंगला. १९३३च्या मे महिन्यात तुरुंगातून सुटून गांधींनी एकवीस दिवसांचा उपवास तिथे पुरा केला. सांगून टाकले. आता याच्यावर पोस्ट लिहू नका, कुणी शोधत नाही.)

लोक काय शोधतात ते लिहा. आजचा सोन्याचा भाव. उखाणे, नवरीचे आणि नवरदेवाचे वेगवेगळे. 'माझी आई' निबंध, दहा ओळींत आणि वीस ओळींत. शुभ सकाळ संदेश, शक्यतो गुरुवारसाठी वेगळे. पोलीस भरतीची कागदपत्रे. आणि २०२४च्या उन्हाळ्याअखेरीपासून मराठी ब्लॉगविश्वाचा एकमेव खांब: लाडक्या बहिणीचा हप्ता कधी येणार. सरकारी योजनेतून महिन्याला दीड हजार रुपये बहिणीला मिळतात. ते कधी मिळणार हे सांगण्यावर भावांचे किती संसार चालले आहेत, याची मोजदाद व्हायला हवी. त्यांतल्या कुणालाही हप्त्याची तारीख ठाऊक नसते. ती ठाऊक नसणे हेच भांडवल. ठाऊक असती तर एका ओळीत सांगून मोकळे व्हावे लागले असते. ठाऊक नाही म्हणून आठशे शब्द होतात, त्यांत चार जाहिराती बसतात, आणि शेवटी 'अधिकृत घोषणेची वाट पाहावी' असे लिहून उद्यासाठी जागा राहते.

बाबासाहेबांनी नेमके उलटे केले. त्यांचा वाचक गरीब, बहुतेक निरक्षर, ज्याला कुणीतरी वाचून दाखवले तरच अंक कळणार. अशा वाचकासाठी कोण लिहितो? तरी ३ एप्रिल १९२७ला त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढले आणि त्याचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरले. पगारी लेखक नाही, कीवर्ड नाही, कुणाचे उचललेले नाही. पुढे वाचकांनाच विचारायची पाळी आली की या पत्राचे ऋण तुमच्यावर आहे की नाही. त्या अग्रलेखाचे शीर्षकच 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असे होते. १९२९च्या नोव्हेंबरात पत्र बंद पडले. गणिताच्या दृष्टीने ते आधीच बंद पडायला हवे होते. आज शंभर वर्षे होत आली तरी लोक ते अग्रलेख शोधून वाचतात, आणि या सगळ्या वाचनाचा एक पैसाही लेखकाच्या खात्यात जमा झालेला नाही.

प्रमोशनचे बोलायचे तर, 'मूकनायक' निघत असल्याची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली, पैसे देऊ केले, तरी ती छापली गेली नाही. नव्या ब्लॉगरांनी हे ध्यानात ठेवावे: तुमची जाहिरात नाकारणारा अल्गोरिदम ही काही कॅलिफोर्नियाची देणगी नव्हे.

पायरी तिसरी: शीर्षक

शीर्षकावर लेख चालतो. याबाबतीत टिळक पास. ६ जुलै १८९७च्या 'केसरी'तले 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हे शीर्षक सव्वाशे वर्षांनंतरही न पढवता आठवते. प्रश्नचिन्ह आहे, कुतूहल आहे, आणि मुख्य म्हणजे खाली त्याच विषयावर लेख आहे. ही शेवटची गोष्ट आता जुनी झाली.

सध्याच्या चालीचे शीर्षक असे: 'या ३ जिल्ह्यांतील महिलांच्या खात्यात उद्या सकाळी... लगेच पहा!' यात जिल्हे सांगायचे नाहीत, 'या' म्हणायचे. 'या' हे सर्वनाम मराठी ब्लॉगचे पोट भरते. या राशी, या बँका, या अभिनेत्रीने, या एका चुकीमुळे. टिळकांनी 'या सरकारचे डोके...' असे लिहिले असते तर वाचक निदान 'कुठल्या?' म्हणून थांबला असता.

टोपणनावाबद्दलही इथेच. 'केसरी'त १५ जून १८९७ला 'शिवाजीचे उद्गार' ही कविता टोपणनावाने आली होती. खटला उभा राहिला तेव्हा अठरा महिने शिक्षा संपादकाला झाली. त्यांतला शेवटचा काळ टिळक आपल्या येरवड्यात होते आणि सप्टेंबर १८९८मध्ये मुदतीआधी सुटले. तेव्हा पाहुण्याच्या नावाने लिहा, की मावशीच्या नावाने, डोमेन ज्याच्या आधार कार्डावर आहे तोच सापडतो.

पायरी चौथी

ही पायरी पेड कोर्समध्ये मिळेल.

पायरी पाचवी: सातत्य

आठवड्याला एक पोस्ट, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. हे वाक्य प्रत्येक मार्गदर्शिकेत असते आणि पाळणारा माणूस शोधायचा तर जेल रोडने सरळ जावे लागते. १९३०च्या जुलैपासून गांधी येरवड्यातून आश्रमवासीयांना दर मंगळवारी, सकाळच्या प्रार्थनेनंतर एक पत्र लिहीत. एका पत्रात एक व्रत: सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य, अस्वाद असे पुढे पुढे. मंगळवारची पहाट म्हणून पुस्तकाला नाव पडले 'मंगलप्रभात'. तुरुंगाला ते येरवडा मंदिर म्हणत आणि पत्ताही तसाच लिहीत. आमच्या पोराला 'लोकेशन टॅग' म्हणजे काय हे समजावायला मी हेच उदाहरण देतो.

पत्रे छोटी आहेत. फाफटपसारा नाही. आता एसईओच्या हिशेबाने पाहिले तर मोठीच गोची: अस्वादावर एवढेसेच लिहून गडी थांबला! त्यात 'अस्वाद म्हणजे काय', 'अस्वादाचे १० फायदे', 'अस्वाद व्रताचे साहित्य व कृती', 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' हे सगळे राहून गेले. नुसत्या अस्वादावर फूड ब्लॉग उभा राहिला असता.

त्यांच्या बरोबरची माणसेही काही ना काही करत बसलेली. १९३२ साली याच तुरुंगात वल्लभभाई पटेल रद्दी कागदांची पाकिटे बनवत आणि पन्नाशी उलटल्यावर पंडित सातवळेकरांच्या पुस्तकांवरून संस्कृत गिरवत होते. शेजारी बसून महादेवभाई देसाई या सगळ्याची रोजनिशी लिहीत होते. म्हणजे बघा, एका आवारात एक साप्ताहिक लेखक, एक ऑनलाइन कोर्सवाला विद्यार्थी आणि एक डेली व्ह्लॉगर. पाकिटांची परंपरा पुढेही चालली. संजय दत्त इथे कागदी पिशव्या करी आणि तुरुंगाच्या अंतर्गत रेडिओवर कार्यक्रमही करी. फेब्रुवारी २०१६मध्ये तो सुटला तेव्हा मजुरीतून शिल्लक राहिलेले साडेचारशेच्या आतबाहेर रुपये हाती आले, अशा बातम्या होत्या. येरवड्यातल्या कुठल्याही कंटेंट क्रिएटरच्या पहिल्या वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाशी हा आकडा ताडून पाहावा. खजील व्हायचे कारण नाही.

सातत्याचा कळस पाहायचा तर डेक्कन कॉलेजात जा. संस्कृतच्या महाकोशाचे काम तिथे १९४८ साली सुरू झाले. खंडांमागून खंड निघाले, आणि गाडी अजून 'अ' वरच आहे. एवढा धीर असेल तर ब्लॉग काढा.

पायरी सहावी: गेस्ट पोस्ट

दुसऱ्याकडून फुकटात लिहवून घेण्याला गेस्ट पोस्ट म्हणतात. नियम एवढाच की पाहुण्याने यजमानाचे कौतुक करावे आणि जाताना एक लिंक घेऊन जावी.

११ फेब्रुवारी १९३३ला 'हरिजन' या इंग्रजी साप्ताहिकाचा पहिला अंक पुण्यातून निघाला. संपादक आर. व्ही. शास्त्री, छपाई आर्यभूषण छापखान्यात, आणि मजकुराचा मोठा भाग येरवड्याच्या कैद्याकडून. पुणे करार होऊन पाच महिने होत नव्हते. गांधींनी पहिल्या अंकासाठी आंबेडकरांकडे संदेश मागितला. संपादकीय शहाणपण असते तर आधी विचारून घेतले असते की साहेब, काय लिहिणार आहात. आंबेडकरांनी आपल्या संदेशाला हिंदू किंमत देणार नाहीत असे सांगून संदेश नाकारला आणि वर आपले मत कळवले: जातिव्यवस्था आहे तोवर जातिबाह्य माणसे राहणारच, ती व्यवस्था मोडल्याशिवाय त्यांची सुटका नाही. म्हणजे अस्पृश्यता निवारणाच्या ज्या कामासाठी अंक काढला, त्या कामाच्या मुळावरच बोट. आणि हे त्या कैद्याने पहिल्याच अंकात छापले! खाली आपले उत्तर दिले, वाद चालू ठेवला.

आजचा कोणताही ब्लॉगर ही ईमेल आधी डिलीट करील, मग स्क्रीनशॉट काढायचा राहिला म्हणून हळहळेल.

पायरी सातवी: जाहिराती (ही नीट वाचा, पैसे इथे आहेत)

गूगलची ॲडसेन्स सेवा २००३ साली सुरू झाली. हिंदी मजकुराला तिचे दार २०१४ साली उघडले, मराठीला त्यानंतर आणखी काही वर्षांनी. तोवर मराठी ब्लॉगर उपाशी होता असे नाही. तोवर तो हौसेने लिहीत होता, आणि खरे सांगायचे तर तेव्हाचे लिखाण वाचवत होते.

अर्ज करा. पहिल्यांदा नकार येईल. कारण इंग्रजीत असेल, त्याचा मथितार्थ: तुमचा मजकूर कमी मोलाचा आहे. रडू नका, जरा समीक्षक बदलला एवढेच. सोन्याच्या भावाच्या आणखी तीस पोस्टी टाका, 'आमच्याविषयी' आणि 'गोपनीयता धोरण' ही पाने कुणाची तरी चिकटवा, पुन्हा अर्ज करा. मंजूर होईल. आता तुमच्या आईवरच्या निबंधात मध्येच रमीची जाहिरात दिसेल. आनंद साजरा करा.

पण जाहिरातीवर स्वतः बोट लावायचे नाही. घरच्यांनीही नाही. हे घरात बसवून, उभे करून, शपथ घालून सांगा. कारण एक आत्या असतेच. पोराचे भले व्हावे म्हणून ती रोज देवपूजा झाली की चष्मा लावून प्रत्येक जाहिरात मनोभावे दाबते, घरातल्याच वायफायवरून. गूगलच्या लेखी याला अवैध क्लिक म्हणतात आणि खाते बंद होते. आत्याला काही बोलता येत नाही.

खात्यात दहा डॉलर जमले की गूगल तुमचा पत्ता तपासायला टपालाने एक पिन पाठवते. सगळा कारभार ढगात चालवणारी कंपनी इथे अचानक पोस्टमनवर येऊन टेकते. सहा आकडी पिन, साध्या टपालाने, दोन-चार आठवड्यांत. पहिले आले नाही तर आणखी तीनदा मागवता येते आणि चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात.

आता वस्तीतला पत्ता या फॉर्मात बसवून दाखवा. 'गल्ली नंबर अमुक, पाण्याच्या टाकीमागे, विहाराशेजारी, भंगारवाल्याच्या वर, येरवडा, पुणे ४११००६.' रकाना भंगारवाल्यापाशी संपतो. कार्ड येते ते टाकीच्या अलीकडच्या गल्लीत, तुमच्याच आडनावाच्या घरी. तिथून ते किराणा दुकानात पोचते. पंधरा दिवसांनी तुम्ही अंडी आणायला गेलात की शेठ काउंटरखालून काढून देतात: "अरे, तुझं हे कधीचं आलंय. मला वाटलं लोनचं असेल, म्हणून घरी दिलं नाही. पप्पांनी पाहिलं असतं ना." पांढुरके घडीचे पाकीट, तीन बाजूंनी छिद्रांच्या रेघा. त्या रेघांवर फाडायचे असते. उतावळेपणाने मधून फाडले तर सहापैकी चार आकडे हातात राहतात. एका कडेला तेलाचा डाग असतो, तो गूगलचा नव्हे.

गांधींना यातले काहीही सोसावे लागले नाही, कारण त्यांनी जाहिरातीच घेतल्या नाहीत. 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन' हाती घेतल्या दिवसापासून त्यांनी जाहिरातींकडे पाठ फिरवली, असे आत्मकथेतच लिहून ठेवले आहे. त्यामुळे पत्रांचे स्वातंत्र्य टिकले असेही म्हणतात. खप एके काळी चाळीस हजारांच्या घरात गेला होता. चाळीस हजार वर्गणीदार आणि एकही बॅनर नाही! 'हरिजन'चा भाव एक आणा, पहिल्या अंकाच्या प्रती दहा हजार. हिशेब करा: दहा हजार आणे म्हणजे ६२५ रुपये, तेही सगळा अंक खपला तर. पत्राने आपल्या पायावर उभे राहावे, नाहीतर लोकांना ते नको आहे असे समजून बंद करावे, ही त्यांची कसोटी. वाचकाने खिशातून आणा काढला तर अंक निघणार, नाही काढला तर नाही.

ही पद्धत आज कुणी सुचवत नाही. समजा, हजार वाचनांमागे अर्धा डॉलर पडतो असे धरले, तर शंभर डॉलर व्हायला दोन लाख वाचने हवीत. आणि शंभर डॉलर झाल्याशिवाय गूगल पैसे सोडत नाही. दोन लाख वेळा कुणीतरी तुमचे पान उघडायचे, हप्त्याची तारीख नाही म्हणून चडफडत बंद करायचे, तेव्हा कुठे तुम्हाला एका महिन्याच्या किराण्याचे पैसे. त्यांतल्या दोनशे माणसांकडे चाळीस-चाळीस रुपये मागितले असते तर साधारण तेवढेच झाले असते. पण मागायचे कसे? मागायचे तर त्यांना परत भेटावेसे वाटेल असे काहीतरी लिहावे लागेल, म्हणजे पुन्हा पायरी दुसरीपासून सुरुवात. नको.

एक इशारा. प्लॅटफॉर्मचे धोरण कधीही बदलते. १९३३च्या मे महिन्यापर्यंत गांधी सरकारी राजबंदी होते आणि अस्पृश्यता निवारणाचे लिखाण तुरुंगातून करायची त्यांना मुभा होती. ऑगस्टमध्ये पुन्हा आत आले ते एक वर्षाची शिक्षा झालेले कैदी म्हणून. सरकारने मुभा आवळली. त्यांनी १६ ऑगस्टला उपवास आरंभला आणि २३ला सरकारने त्यांना सोडून दिले. तुमचे खाते बंद झाल्यावर हा मार्ग वापरू नका; गूगलच्या मदत केंद्रात उपवासाचा पर्याय नाही.

शिक्षेचा दरही माहीत असावा. १९२२ साली 'यंग इंडिया'तल्या तीन लेखांबद्दल गांधींना सहा वर्षे झाली. लेखामागे दोन वर्षे, शब्दसंख्येची अट नाही. साबरमतीहून त्यांना इथेच आणले. प्रकाशक शंकरलाल बँकरांना एक वर्ष आणि वर एक हजार रुपये दंड, म्हणजे तोही उलटा बाहेर. सोन्याच्या भावावर लिहिणाऱ्याला आजवर कुणी आत टाकलेले नाही, हा त्या विषयाचा मोठाच गुण.

पायरी आठवी: मग पैसे मिळतात कुणाला?

इतके वाचून ज्यांनी हा प्रश्न मनात आणला, ते हुशार आहेत. त्यांनी पुढच्या परिच्छेदाला खूण करून ठेवावी.

पैसे डोमेन विकणाऱ्याला मिळतात, होस्टिंगवाल्याला मिळतात, आणि सगळ्यांत जास्त 'ब्लॉगिंग करून पैसे कसे कमवावेत' हे शिकवणाऱ्याला मिळतात. नगर रोडला एखाद्या कमर्शियल इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक प्रोजेक्टर, एक एसी जो फक्त डेमो लेक्चरला चालू असतो. बाहेर चपला. भिंतीवर डॉलरच्या कमाईचा मोठा स्क्रीनशॉट, त्यावरची तारीख बारीक. फीच्या मोठ्या आकड्यावर लाल काट आणि खाली लहान आकडा, 'फक्त आज'. ही पाटी गेल्या गणपतीपासून तशीच आहे. मागच्या बाकावरचा एखादा पोरगा हात वर करून विचारतो, "सर, तुमचा स्वतःचा ब्लॉग कशावर आहे?" सर हसून सांगतात, "ब्लॉगिंगवर." पोरगा वहीत लिहून घेतो.

त्या पोराला बावळट समजू नका. वर्षभराने त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर त्याची पाटी लागते.

पायरी नववी: पैसे आले तर

शंभर डॉलर भरले की पुढच्या महिन्याच्या एकविसाव्या ते सव्विसाव्या तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. ते परदेशातून येतात म्हणून बँक फोन करते, किंवा तुम्हालाच पासबुक घेऊन बोलावते. जाताना पॅन न्या, फॉर्म इंग्रजीत असेल तर चष्माही न्या.

काउंटरवरच्या मॅडम विचारतील, "हे पैसे कशाचे?" जाहिरातीचे, असे सांगा.

"कसल्या जाहिराती करता तुम्ही?" आपण करत नाही, त्या आपोआप लागतात, असे सांगा. इथे त्या पहिल्यांदा मान वर करून तुमच्याकडे पाहतील. डगमगू नका.

"म्हणजे तुमचा व्यवसाय काय लिहू?" या रकान्यात 'लेखक' लिहायचा मोह होईल. लिहू नका, मागच्या कुणाचे तरी तसे लिहिल्याने चार दिवस अडकले होते. 'व्यवसाय' एवढेच लिहा, सही करा, शिक्क्याची वाट पाहा.

शिक्का मारता मारता मॅडम आवाज खाली आणतील. "आमचा मुलगा पण घरीच असतो हो. बारावी झालाय. मोबाइलवर दिवसभर काहीतरी चालू असतं. तुम्ही शिकवता का हे?"

तयार असा. खिशात कार्ड ठेवा. बॅच मंगळवारी सकाळी, सात वाजता, फी आगाऊ.